किती दिवस आशा होती

सकाळचे साडेअकरा वाजले होते. सुनील आडे अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानावरच्या आलेखाला मथळा देत होता, तेवढ्यात तांड्यावरून आईचा फोन आला आणि ती म्हणाली, "पाच दिस झाले बेटा, आशा नाही."

शब्दशः ती म्हणाली, "आशा कोनी." आईला तो याडी म्हणे, आणि याडीशी बोलणं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. पण यवतमाळच्या या संशोधन संस्थेत सहा वर्षं प्रश्नावल्या मराठीत आणून आणून त्याच्या डोक्याला अशी खोड लागली होती, की कुठलंही वाक्य दाराशी चपला काढून, मराठी होऊनच आत शिरे. तेव्हा त्याला जे ऐकू आलं ते हे असं ऐकू आलं. बाप, धावजी, दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हाही ती असलं काही बोलली नव्हती. तेव्हा ती फक्त भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि त्यानंतर जमेल तेव्हा निजतच होती. थोरला भाऊ बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला की पाच-सहा महिने घरात ती आणि भिंत, दोघीच. सुनील फोन घेऊन उठला, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि बोलायला लागला. असं मनात आणू नये याडी, म्हणाला. दिवस सारखे राहत नसतात. शेजारीपाजारी बसावं, मन मोकळं करावं, बारीकसारीक गोष्टींत समाधान शोधावं. दोन-तीन मिनिटं तो बोलला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे सगळं अहवालाच्या चौथ्या प्रकरणातून येतंय, शिफारशी सहा ते अकरा, त्याच क्रमानं. याडीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर हाय. पन मंग गोळ्या कोन देईन?"

आशा म्हणजे पुष्पा. चार घरं सोडून राहणारी, आरोग्य खात्याची आशा सेविका. खात्यानं दिलेलं ते नाव तांड्यानं इतकं मनावर घेतलं की पुष्पाला पुष्पा म्हणणारं कुणी उरलं नाही. तिचा नवराही कुणी विचारलं तर 'आशा लसीकरणाले गेली' असंच सांगतो. ती लेकीच्या बाळंतपणाला केळापूरला गेली होती. रक्तदाबाच्या गोळ्या तीच आणून देई, आणि नुसत्या गोळ्याच नव्हेत, रोज सकाळी येऊन ती याडीला भिंतीकडून इकडे वळवी, उठवी, पाणी तापवून न्हाऊ घाली, आणि समोर बसून अर्धी भाकर तिच्या पोटात जाईपर्यंत हलत नसे. हे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. सुनीलनं विचारलं, जेवलीस का. "आशा आली की जेवीन," याडी म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनीलला हसू आलं. मोठी थोरली सुटका झाल्यासारखा तो हसला, परत खुर्चीवर येऊन बसला, आणि समोरच्या पडद्याकडे पाहताच ते हसू थांबलं. आलेखाला त्यानं नुकताच मथळा दिला होता: 'आशेचे गावनिहाय प्रमाण'. सगळ्यांत उंच खांब त्याच्याच तांड्याचा होता. सातापैकी सहा पूर्णांक आठ.

जिल्ह्यातल्या माणसांच्या मनाचं काय झालंय ते मोजायचा हा प्रकल्प. पाऊस मोजून झाला होता, पीक मोजून झालं होतं, शौचालयं तर तीन खात्यांनी मोजली होती आणि ती तीन वेगवेगळी भरली होती. मन तेवढं राहिलं होतं. एकशे वीस गावं, प्रत्येक गावात तीस घरं, आणि ज्या चाळीस गावांचं मन सगळ्यांत खचलेलं निघेल तिथे सरकार एकेक 'मनाधार खोली' देणार: आठवड्याचे तीन दिवस एक नर्स, औषधं, आणि एक प्रशिक्षित माणूस, ज्यानं समोर बसून ऐकायचं. फक्त ऐकायचं, त्यासाठी नेमणूक. प्रश्नावली परदेशातून इंग्रजीत आली होती, अकरा देशांत तपासून. तेविसावा प्रश्न सुनीलनं चांगला केला होता. 'गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तुम्हाला भविष्याबद्दल आशा वाटत होती?' वाचून स्वतःलाच बरं वाटावं असं वाक्य. पण टॅबलेटवरच्या चौकटीत चाळीसच अक्षरं मावत होती. एप्रिलची दुपार होती, कूलरमधलं पाणी संपून नुसतीच गरम हवा फिरत होती, आणि सुनील एकेक शब्द सोलत बसला होता. 'तुम्हाला' काढला, कारण विचारतोय तो समोरच्यालाच. 'भविष्याबद्दल' काढला, कारण भविष्य फारच जागा खात होतं. तरी थोडं बाहेर लोंबत होतं. मग त्यानं 'वाटत' काढला. खोडायच्या कळीचा तो स्पर्श त्याला आत्ताही बोटाच्या टोकाशी जाणवला, त पुसला, ट पुसला, व पुसला, आणि वाक्य चौकटीत असं अलगद बसलं की त्यानं खाली जाऊन चहा घेतला. 'गेल्या ७ दिवसांत किती दिवस आशा होती?' नियमाप्रमाणे ते नागपूरला गेलं, तिथे कुणीतरी ते उलट इंग्रजीत नेऊन पाहिलं, बरोबर निघालं, शिक्का बसला. इंग्रजी लिपीत सेविका आशा मोठ्या अक्षरांत लिहितात आणि मनातली लहान अक्षरांत. देवनागरीत अक्षरं सगळी एकाच उंचीची.

आता तो आलेख मागे मागे सरकवत गेला आणि प्रत्येक आलेख त्याच्याकडे पाहून शांतपणे खरं बोलायला लागला. पुरुषांमध्ये आशा फार कमी. अविवाहित पुरुषांत जवळजवळ शून्य. नवविवाहितेला थोडी, दिवस गेले की वाढते, नवव्या महिन्यात कळस गाठते. घरात तान्हं मूल असेल तर भरपूर, ते पाच वर्षांचं झालं की आटते. क्षयाचा रोगी असलेल्या घरात रोज आशा. या एका निष्कर्षावर अख्खं प्रकरण उभं होतं, 'व्याधी आणि उमेद' नावाचं. प्रकल्पप्रमुख समीक्षा मॅडमनी ते मुंबईच्या परिषदेत वाचलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि एका म्हाताऱ्या अर्थतज्ज्ञानं रुमाल काढला होता. शेऱ्यांच्या रकान्यात 'मंगळवार' हा शब्द दोनशे अकरा वेळा आला होता. मॅडमनी मंगळवारावर दोन आठवडे विचार केला होता, देवाधर्माचा वार, बाजाराचा वार, सगळं लावून पाहिलं होतं. लसीकरणाचा वार कुणाच्या मनात आला नाही. आणि प्रकरणाच्या डोक्यावर, तिरप्या अक्षरांत, दिग्रसकडच्या एका बाईचं उत्तर मॅडमनी मुद्दाम टाकलं होतं: 'आशा आजारी होती, म्हणून पाच दिवस आली नाही.' मॅडम म्हणाल्या होत्या, बघा, या बायका कवितेतच बोलतात. सुनीलनंच ते टंकलं होतं. टंकताना त्याला भरून आलं होतं.

खाली टपरीवर अमर भेटला. क्षेत्रीय कामाचा हा पर्यवेक्षक, आठ पोरापोरींना घेऊन एकशे वीस गावं यानंच पालथी घातली होती. सुनीलनं त्याला विचारलं, तेविसावा प्रश्न लोकांना कसा समजत होता. अमरनं बशीत चहा ओतला आणि काहीच न झाल्यासारखं सांगितलं, की पहिल्याच गावात बाई म्हणाली मंगळवारी होती, त्यानं एक दाबलं, पुढे सगळं सुरळीत. सगळ्या प्रश्नावलीत हाच एक प्रश्न असा होता की लोक पटकन उत्तर देत. 'आयुष्यात समाधानी आहात का' म्हटलं की माणसं घरात शिरून दार लावून घेत.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मले वाटलं, तुमाले माहीत हाय," अमर म्हणाला. "मले वाटलं सायबलोक आशाइची हजेरी घेऊन राह्यले, मनाबिनाच्या नावाखाली. तुमच्या तांड्यावर तं आशा सोता माह्याआधी दारोदार फिरली, सुनीलभाऊ. 'चौकशी लागली माह्यावर, सारे सात सांगा,' म्हने. मी म्हटलं बिचारी काम करते, सांगू द्या."

मग त्यानं बशीतला चहा संपवला आणि विचारलं, की मग ते दुसरं काय विचारायचं होतं. सुनीलनं सांगितलं. ते कोण सांगते, अमर म्हणाला, आणि चहाचे दोघांचे पैसे देऊन गेला.

जिना चढताना सुनीलला वाटलं, आपल्याला हे सगळं नवीन नाही. शब्द गाळणं त्याच्या हाडांत होतं. आश्रमशाळेत चांगली मराठी आलेला तांड्यातला तो पहिला मुलगा. तेव्हापासून बँक असो, तहसील असो, दवाखाना असो, पुढे सुनील आणि मागे माणसं. धावजीला शेवटी यवतमाळला आणलं तेव्हाही डॉक्टर बोलले ते सुनीलशीच बोलले. बरा डॉक्टर होता, खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, आता काही उपाय नाही. बाकावर धावजी होता, शेजारी याडी, दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते, जसं पाण्याच्या टँकरकडे बघतात. सुनीलनं ते वाक्य गोरबोलीत नेलं आणि नेताना त्यातला एक शब्द वाटेत सोडला. उपाय आहे, म्हणाला. धावजी पुढे सतरा दिवस जगला. त्या सतरा दिवसांत त्यानं छपराचे कवेलू बदलायचे ठरवले, बैल बदलायचा ठरवला, आणि याडीला म्हणाला की या उन्हाळ्यात तुला माहूरला नेतो. सतरा दिवस त्या घरात काय होतं ते सुनीलनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अठराव्या दिवसापासून याडी भिंतीकडे वळली. ती नेमकी कशामुळे वळली, नवरा गेला म्हणून की पोरानं फसवलं म्हणून, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याला प्रश्न मांडता येत नव्हता असं नाही. प्रश्न मांडण्याचाच तर तो पगार घेत होता.

समीक्षा मॅडम मनानं चांगल्या होत्या, आणि अडचण खरी तर तीच होती. वाईट असत्या तर सुनीलला नुसतं चिडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आलेख एकदा पुढे, एकदा मागे पाहिला, मंगळवारापाशी थांबल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी चष्मा पुसला. खोल्यांसाठी निवडलेल्या चाळीस गावांची यादी नऊ दिवसांपूर्वी मंत्रालयात गेली होती, सही झाली होती. त्या म्हणाल्या, मागे घ्यावी म्हटलं तर घेता येईल, पण मग दुसरी यादी नाही, यादीच नाही, वर्ष संपलं की तरतूद परत जाईल आणि चाळीसही खोल्या जातील. आणि बघा, त्या हळू आवाजात म्हणाल्या, जिथे आशा कमी निघाली ती गावं कुठली? जिथे आशाचं पद रिकामं आहे ती. औषध नाही, विचारणारं कुणी नाही. एका अर्थी यादी बरोबरच आहे. सुनीलनं विचार करून पाहिला, आणि ती खरंच बरोबर होती. चुकीच्या रस्त्यानं निघून गाडी बऱ्याच अंशी योग्य गावाला पोचली होती. फक्त जिथे एक पुष्पा एकटी तीस घरं ओढत होती, ती गावं आनंदी म्हणून बाद झाली होती.

एखादं गाव बदलता येणार नाही का, त्यानं विचारलं. एकच.

"कुठलं?" मॅडमनी विचारलं.

सुनीलनं सांगितलं. आडे हे नाव तांड्यावरचं, हे मॅडमनाही वाचता येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो संशय नव्हता, कीव होती, आणि सुनीलच्या कानांच्या पाळ्या तापल्या, वर्गात आपल्याच घराचं उदाहरण दिलं जावं तशा. राहू द्या, तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, पुढच्या फेरीत आपण प्रश्न नीट करू. पुढची फेरी तीन वर्षांनी. तोपर्यंत तळटीप टाका. सुनीलनं तळटीप टाकली: 'काही उत्तरदात्यांनी हा प्रश्न स्थानिक संदर्भात घेतला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्य निर्दोष होतं. त्याच्या हातून अशीच वाक्यं होत. संध्याकाळपर्यंत अहवाल छपाईला गेला.

शनिवारी सकाळी तो एसटीनं निघाला. खिडकीबाहेर दारव्ह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका वाकलेल्या, आणि सुनील सवयीनं प्रत्येक गावाच्या पाटीपाशी आकडा म्हणत होता. तीन पूर्णांक दोन. एक पूर्णांक एक. या गावाला खोली मिळाली, याला नाही. पुढचं गाव साडेपाचाचं होतं. थांब्यावर साडेपाचाची माणसं उभी होती, डोक्याला रुमाल, पायाशी पिशव्या, तोंडावर माशा. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं बस थांबेल म्हणून हात केला आणि बस थांबली नाही, तेव्हा त्यानं हात खाली घेतला नाही, तसाच वर धरून ठेवला, जसा काही तो बसला दाखवलाच नव्हता. सुनीलला वाटलं उतरावं आणि त्याला विचारावं. काय विचारावं ते मात्र त्याला सुचलं नाही. शेजारच्या बाईनं त्याला विचारलं, कुठं नोकरी. तो म्हणाला, संशोधनात. कशाच्या. तो म्हणाला, मन. कापसाचा का, बाईनं विचारलं. चाळीस शेराचा मण तिच्या आजोबांच्या काळी होता, आता क्विंटल झाला, ती म्हणाली, आणि सुनील हो म्हणाला, कारण तेही खरं होतं.

दिग्रसहून ऑटो, मग पायी. तांड्यावर बरीचशी घरं बंद होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आठ दिवसांच्या अंगाचा आणि विझलेल्या चुलीचा वास होता. याडी भिंतीकडे तोंड करून निजली होती. पाठीची हाडं पोलक्यातून मोजता येत होती, आणि त्यानं ती मोजायला सुरुवातही केली, मग स्वतःला थांबवलं. त्यानं चूल पेटवली. पाणी तापवलं. तिला वळवायला हात लावला तर ती इतक्या सहज वळली की तो घाबरला. एवढं हलकं माणूस आपोआप वळतं, वळवावं लागत नाही. न्हाऊ घालता येईना, दोघांनाही लाज, म्हणून हातपाय तेवढे धुतले. भाकरी तर त्याच्यानं थापली गेलीच नाही. भात केला, तो चिकट झाला. ती चार घास जेवली, त्यातले दोन त्याच्यासाठी. गोळ्यांचं पाकीट पुष्पा जाताना उशाशी ठेवून गेली होती, वर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून. एकही गोळी कमी झालेली नव्हती.

"घेतल्या काहून नाहीत?" त्यानं विचारलं.

"आशा नव्हती," याडी म्हणाली.

तिला भिंतीला टेकवून बसवलं. दुपार झाली होती, कवेलूंच्या फटीतून उन्हाचे गोल तुकडे तिच्या मांडीवर पडले होते आणि ती ते ओढणीवरून झटकू पाहत होती. सुनील तिच्यासमोर बसला. आता विचारायचं, त्यानं ठरवलं. चौकट नाही, चाळीस अक्षरांची अट नाही, हवं तेवढं लांब विचारायचं. तो गोरबोलीत सुरुवात करायला गेला आणि अडला. त्या गोष्टीला आपल्या बोलीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. शब्द असणार, असल्याशिवाय कसा राहील, लग्नातल्या गाण्यांत त्यानं शंभरदा ऐकलाही असेल. पण तो गेला होता, मराठी होऊन आत शिरलेल्या हजारो शब्दांबरोबर, आपल्या चपला बाहेर ठेवून. मग त्यानं फिरवून विचारलं. सकाळी जाग आली की असं वाटतं का, की आज नाही तर उद्या काहीतरी बरं होईल? या आठ दिवसांत, याडी, किती दिवस तसं वाटलं?

याडीनं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, आणि सुनीलला दिसलं की ती त्याच्यापासून दूर गेली. बसल्या जागी तिनं पाठ ताठ केली, ओढणी कपाळावर नीट ओढली, पाय आत घेतले. सरकारी माणूस दारात आला की सगळा तांडा बसतो तशी ती बसली.

"तुले किती पायजे?" तिनं विचारलं.

मला किती पाहिजे असं नसतं, तो म्हणाला. जे असेल ते सांगायचं.

"मागच्या बारीले सात सांगतले, आशासाठी," ती समजावून म्हणाली. "तिची नोकरी जात होती. आता तू इचारून राह्यला, मंग तुह्यासाठी किती सांगू? तुहं काम कितीनं होते?"

सुनीलला खरं सांगायचं होतं. यादी गेली, सही झाली, आता कितीही सांगितलंस तरी काही होत नाही. हे वाक्य त्याच्यापाशी तयार होतं, आखूड होतं, त्यातला एकही शब्द गाळायची गरज नव्हती. तो म्हणाला, "दोनच्या खाली असलं तर तांड्यावर खोली भेटते. नर्स येते. गोळ्या देते. एक मानूस बोलाले येते."

"बोलाले?"

"आयकाले."

याडीनं विचार केला. किती वेळ केला कोण जाणे, उन्हाचा एक तुकडा तिच्या गुडघ्यावरून खाली जमिनीवर उतरला. मग तिचा चेहरा मोकळा झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे अशी वस्तू मागितली होती जी तिच्या घरात होती.

"मंग शून्य लिव," ती म्हणाली. "त्यात खोटंई नाही बोला लागत."

सुनीलनं टॅबलेट आणला नव्हता. वहीही नव्हती. लिहिलं, तो म्हणाला. याडीनं ओढणीतून डावा हात बाहेर काढला, अंगठा ओढणीला पुसला, नीट पुसला, आणि त्याच्यापुढे धरला. आता अंगठा लागत नाही, एवढंच सांगायला हवं होतं. त्यानं अंगठा हातात घेतला. तो थंड होता, आणि त्यावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, यंत्रानंही ओळखला नसता असा. तिनं तो त्याच्या तळहातावर दाबू दिला, आणि उमटला का ते पाहायला वाकली.